डिपार्टमेंट बदलायला पुण्याची ट्रॅव्हल्स कशाला पकडायची?

नागपुरात नोकरी करणाऱ्या माणसाला कामात काही नवीन करायचं असलं की त्याच्यासमोर साधारण एकच रस्ता असतो आणि तो समृद्धी महामार्ग पकडून पश्चिमेकडे जातो. चाकणला क्वालिटीत बसलेल्या पोराला डिझाइनमध्ये जायचंय आणि त्याची कंपनी नाही म्हणाली, तर तो शनिवारी बाजूच्या गेटमध्ये इंटरव्ह्यू देऊन येतो. रूम तीच राहते, मेस तीच राहते, रूम पार्टनरही तेच. आपल्या हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत असं होत नाही. इथं एका धंद्याच्या एक नाहीतर दोन मोठ्या कंपन्या आहेत, ट्रॅक्टर बनवणारी एक, मँगनीज काढणारी एक, कोळशाची एक, आणि मग बाकी फॅब्रिकेशन, टेक्स्टाइल, फूड, पॅकेजिंगची छोटी-मध्यम युनिटं. त्यामुळे इथल्या माणसानं "मला आता दुसरं काम शिकायचंय" असं म्हटलं की घरचे लोक बरोबर ओळखतात, हा आता पुण्याला चालला.

म्हणून मला वाटतं की कंपनीच्या आतल्या आत डिपार्टमेंट बदलून मिळणं, ज्याला एचआरवाले जॉब रोटेशन म्हणतात, ही गोष्ट पुण्यात आणि बंगलोरमध्ये असली तर चांगली, नसली तरी चालतं, पण नागपूरसारख्या शहरात ती नसली तर माणसं शहरच सोडतात. आणि इथल्या कंपन्या नेमकं हेच विसरून राहिल्या आहेत. इंडस्ट्रीच्या कोणत्याही कार्यक्रमाला जा, दरवेळी तेच ऐकू येतं, नागपुरात टॅलेंट टिकत नाही, पोरं दोन वर्षं शिकतात अन् पळतात. अहो पळतील नाही तर काय करतील? आठ वर्षं त्याच टेबलावर तीच एक्सेल शीट भरायला लावली तर माणूस एक दिवस सुटीच्या नावाखाली इंटरव्ह्यू देऊन येणारच ना.

आता रोटेशननं नक्की होतं काय हे आधी सांगते, कारण "ओव्हरऑल एक्सपोजर मिळतं" वगैरे वाक्यं ऐकून कोणाचंच समाधान होत नाही. मी क्वालिटीतून प्लॅनिंगमध्ये गेले. क्वालिटीत असताना परचेसवाल्यांबद्दल आमचं सगळ्यांचं एकमत होतं, की हे लोक स्वस्तातला स्वस्त माल आणतात आणि आम्ही रिजेक्ट केला की आमच्यावरच डाफरतात. प्लॅनिंगमध्ये बसल्यावर परचेसवाल्याच्या टेबलावर रोज काय चालतं ते दिसलं. सप्लायर म्हणतो दोन टनाच्या खाली शीट देणार नाही, आपल्याला पाहिजे तीनशे किलो. फायनान्स म्हणतं स्टॉक कमी करा, प्रॉडक्शन म्हणतं लाइन बंद पडली तर तुम्ही जबाबदार. त्यात सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असला तर त्याचे पैसे करार केला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे, आणि आता वेळेत दिले नाहीत तर तो खर्च इन्कम टॅक्समध्ये त्या वर्षी वजाच धरत नाहीत, त्यामुळे मार्च आला की फायनान्सवाले परचेसच्या मागे हात धुऊन लागतात. हे सगळं कळल्यावर रिजेक्शनची मेल टाकायच्या आधी मी फोन करायला लागले, की बाबा हा लॉट सॉर्ट करून वापरता येईल का, किती पीस जातील, उद्यापर्यंत किती पाहिजेत. भांडणं बंद झाली असं नाही, पण निदान भांडण कशावरून आहे ते दोन्ही बाजूंना कळायला लागलं. हे मला कोणत्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये शिकता आलं नसतं, आणि त्या ट्रेनिंगला जेवण कितीही चांगलं असलं तरी.

बरं, ही काही बाहेरून आणलेली फॅशन आहे असंही समजू नका. आपल्याच शहरात एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, जमशेटजी टाटांची. आता तिथं मॉल आणि फ्लॅट आहेत ते सोडा. त्या मिलचा मॅनेजर म्हणून जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहतांना आणलं. मेहता कोण, तर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत मालवाहतुकीच्या खात्यात काम करणारे अधिकारी. कापडाच्या गिरणीचा त्यांना अनुभव नव्हता! आजच्या एखाद्या कन्सल्टन्सीनं तो सीव्ही पहिल्या चाळणीतच उडवला असता, की "रिलेव्हंट एक्सपीरियन्स" नाही. पण विचार करा, रेल्वे नागपुरात १८६७ ला आली, मिल त्यानंतर दहा वर्षांनी. कापूस यायचा, कोळसा यायचा, कापड जायचं, म्हणजे त्या धंद्याचा अर्धा जीव मालाच्या ने-आणीत होता, आणि ते ज्याला कळतं असा माणूस जमशेटजींनी उचलला, हा माझा अंदाज आहे. यंत्रांच्या बाजूला जेम्स ब्रुक्सबी नावाचा पक्का जाणकार होता, म्हणजे एकाच कामात खोल उतरलेला माणूसही होता आणि दुसऱ्या क्षेत्रातून आलेला माणूसही होता. मेहता पुढे सर बेझनजी झाले. या जोडीचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण रोटेशनवर टीका करणारे लोक नेहमी असं बोलतात जसं काही सगळ्यांनाच फिरवायचं आहे.

पुढे टाटांकडे जेआरडींच्या काळात १९५६ मध्ये टाटा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस सुरू झाली, तिच्यात निवडलेल्या तरुणांना ग्रुपच्या वेगवेगळ्या कंपन्यांत फिरवतात. हिंदुस्तान लिव्हरनं १९७६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात ग्रामविकासाचं काम सुरू केलं आणि मॅनेजमेंट ट्रेनींना तिथल्या गावांत राहायला पाठवायला लागले. चांगलंच आहे. पण बघा, हे सगळं कोणासाठी, तर वरच्या मूठभर लोकांसाठी, ज्यांना उद्या साहेब व्हायचंय. आपल्याकडच्या प्लांटमध्ये त्याची छोटी नक्कल असते ती जीईटीच्या, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनीच्या, पहिल्या वर्षाची. इंजिनिअर पोरगा जॉइन होतो, प्रत्येक डिपार्टमेंटला पंधरा दिवस नाहीतर महिना, हातात एक फाइल, प्रत्येक एचओडीची सही घ्यायची. मेंटेनन्सवाले त्याला म्हणतात "बस बाजूला, हात नको लावू", स्टोअरवाले त्याच्याकडून स्टॉक मोजून घेतात, डिस्पॅचवाले चहा सांगायला पाठवतात. वर्ष संपलं की कन्फर्मेशन लेटर, आणि त्या दिवशी ज्या डिपार्टमेंटला जागा रिकामी असते तिथं तो चिकटतो, मग पंधरा वर्षं कोणी विचारत नाही. म्हणजे ज्या वयात त्याला काही कळत नाही त्या वयात त्याला सगळं दाखवलं, आणि कळायला लागल्यावर दार लावून घेतलं.

आता खरा घोळ कुठं आहे ते सांगते. आपल्या लोकांच्या डोक्यात रोटेशन म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे शिक्षा. नागपूर पडलं उपराजधानी, अर्ध्या घरात कोणी ना कोणी सरकारी नोकरीत आहे नाहीतर होतं, कलेक्टर ऑफिस, रेल्वे, वेकोलि (कोळशाची वेस्टर्न कोलफिल्ड्स), बँका, महावितरण. "गडचिरोलीला टाकीन" ही धमकी आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे (गडचिरोलीच्या लोकांना ते ऐकून काय वाटत असेल याचा विचार आजवर किती साहेबांनी केला, देव जाणे). सरकारी बदल्यांसाठी महाराष्ट्रात २००५ चा कायदा आहे, एका पदावर साधारण ३ वर्षं, त्याच कायद्यात फाइल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडू नये असंही लिहिलेलं आहे पण त्यावर न बोललेलं बरं. केंद्रीय दक्षता आयोग पण सांगतो की संवेदनशील पदावरची माणसं दर दोन-तीन वर्षांनी फिरवा. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये तर बँकांना सांगितलं की अशा जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग दहा कामाचे दिवस न सांगता सक्तीच्या रजेवर पाठवा. कशासाठी, तर त्याच्यामागे दुसरा बसला की लपवलेलं बाहेर येतं. २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेचं नीरव मोदी प्रकरण फुटलं त्यातही एक डेप्युटी मॅनेजर वर्षानुवर्षं त्याच कामावर बसलेला होता आणि तो रिटायर झाल्यावर नव्या माणसासमोर कागद आले तेव्हा गडबड कळली.

हे सगळं बरोबर आहे, गरजेचं आहे, माझा त्याला विरोध नाही. पण हे रोटेशन संशयातून आलेलं आहे. त्यात माणसानं काय शिकलं, त्याला काय व्हायचंय, याचा कुठं संबंध नाही. खाजगी कंपन्यांनी त्यातला संशय तेवढा उचलला आणि वर "करिअर डेव्हलपमेंट"चं लेबल लावलं. म्हणजे काय होतं, की एखाद्याचं बॉसशी पटत नाही, त्याला स्टोअरला टाका. कोणी ओव्हरटाइमचा हिशोब विचारला, त्याला नाइटच्या डिस्पॅचला टाका. दुसऱ्या डिपार्टमेंटमधून तीन जण सोडून गेले, चौथा भरती करायला एचआरला परवानगी नाही, मग तिथं "रोटेशन"वर कोणाला तरी पाठवा, आणि त्याचं जुनं कामही त्यालाच करू द्या. एचआरचं लेटर मात्र तिन्ही केसमध्ये सारखंच येतं, "युअर सर्व्हिसेस आर ट्रान्सफर्ड". मग कामगाराला आणि स्टाफला रोटेशन हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो यात नवल काय?

आणि जे चांगले आहेत, ज्यांना खरंच फिरवायला पाहिजे, ते जाग्यावरून हलत नाहीत. हा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की मला आता रागही येत नाही. माणूस कामाचा निघाला की त्याचा बॉस त्याला धरून ठेवतो. "तुह्याशिवाय होत नाही ना बाप्पा इथं, कायले जातो तिकडे, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी नवीन लाइन येते, त्याच्या पुढच्या वर्षी ऑडिट असतं, मग साहेबांच्या मुलीचं लग्न. बॉसलाही पूर्ण दोष देता येत नाही, कारण त्याचं टार्गेट त्याच्या डिपार्टमेंटच्या आउटपुटवर आहे, माणसं घडवून दुसऱ्याला दिली याचा त्याला अप्रेझलमध्ये एक मार्क नाही. उलट हातचा चांगला माणूस गेला आणि त्याच्या जागी शिकाऊ आला, आकडे पडले, बोलणी यालाच खावी लागतात. मग तो काय करतो, एचआरनं यादी मागितली की ज्याला त्याला नकोय त्याचं नाव देतो. दोन-तीन वर्षं हे झालं की सगळ्या कंपनीला कळतं, यादीत नाव आलं म्हणजे हा नको असलेला. त्यानंतर एखाद्या हुशार मुलीनं स्वतःहून अर्ज केला तरी लोक विचारतात, काय झालं गं, साहेबांशी वाजलं का?

अप्रेझलची गंमत तर वेगळीच. सप्टेंबरमध्ये माणूस दुसऱ्या डिपार्टमेंटला गेला, मार्चमध्ये रेटिंग. नवीन बॉस म्हणतो मी याला सहाच महिने पाहिलं, अजून शिकतोय, "मीट्स एक्स्पेक्टेशन्स" देऊन टाकू. जुना बॉस म्हणतो आता तो माझा नाही. त्या वर्षी इन्क्रिमेंटमध्ये मार बसतो, आणि तो मार पुढच्या प्रत्येक वर्षाच्या पगारात बसलेला असतो, कारण टक्के त्या खालच्या आकड्यावरच लागतात. म्हणजे शिकायची किंमत एकट्या कर्मचाऱ्यानं भरायची आणि फायदा कंपनीचा.

फायदा होतो का खरंच, असं कोणी विचारेल. १९९४ मध्ये कॅम्पियन, चेरास्किन आणि स्टीव्हन्स या तिघांचा एक अभ्यास अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट जर्नलमध्ये आला होता, एका मोठ्या औषध कंपनीच्या फायनान्समधल्या २५५ लोकांवर. ज्यांना जास्त फिरवलं त्यांच्या बढत्या आणि पगारवाढ जास्त दिसली, आणि सोबत खर्चही दिसला, नवीन जागी शिकेपर्यंत काम मंदावतं, बाकीच्यांवर भार येतो. एचआरच्या सेमिनारमध्ये यातला पहिला अर्धा भाग सांगतात. आणि मला तर अजून एक शंका येते, की फिरवल्यामुळे बढती मिळाली की ज्यांना बढती द्यायचीच होती त्यांनाच फिरवलं? आपल्याकडे तर दुसरंच जास्त होतं. त्यामुळे असे अभ्यास दाखवून "रोटेशन घ्या, प्रमोशन मिळेल" असं कोणी सांगत असलं तर जरा थांबून ऐका.

विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा वेगळा आहे आणि तो मला मान्य आहे. काही कामं अशी असतात की तिथं माणूस दहा वर्षं बसल्याशिवाय तयार होत नाही, आणि काही ठिकाणी तर कायद्यानंच कोणालाही बसवता येत नाही. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर परवाना असलेलाच माणूस लागतो. वेकोलिच्या खाणीत मायनिंग सरदार, ओव्हरमन ही पदं खाण सुरक्षेच्या खात्याची परीक्षा पास झाल्याशिवाय मिळत नाहीत, आणि मिळू पण नयेत. तिथं "एक्सपोजर म्हणून" कोणाला सहा महिने पाठवतो म्हणालात तर लोक मरतील. तसंच टूल रूममधला जुना डायमेकर, म्हणजे साचे बनवणारा, ज्याला नुसता पीस बघून कळतं की डायचा कुठला कोपरा घासला, त्याला उचलून प्लॅनिंगला बसवणं म्हणजे दोन्हीकडचं नुकसान. त्याला फिरायचं नाही, आणि त्याला न फिरता वर जाता आलं पाहिजे. बऱ्याच कंपन्यांत पगार वाढवायचा तर मॅनेजरच व्हावं लागतं, म्हणून चांगला कारागीर वाईट सुपरवायझर होतो. ते मला जास्त मोठं पाप वाटतं. पण या मुद्द्याच्या आड लपून सगळ्यांनाच एका जागी ठेवायचं हे चालणार नाही, कारण ऑफिसात बसून पीओ (खरेदीची ऑर्डर) काढणारा, जॉब कार्ड भरणारा, इनव्हॉइस मारणारा माणूस काही बॉयलर चालवत नाही.

विमानतळाजवळच्या मिहानमधल्या आयटीवाल्या पोरांचंही थोडं याच जातीचं आहे. सपोर्ट प्रोजेक्टला लागला की तिकिटं बंद करत बसायचं, शिफ्टमध्ये, आणि डेव्हलपमेंटला जातो म्हटलं की मॅनेजर म्हणतो "क्लायंट रिलीज देत नाही." क्लायंटला बिचाऱ्याला माहीतही नसतं की नागपुरात कोणी हा असा अडकून पडला आहे. इथं तर मशीन नाही, बॉयलर नाही, परवाना नाही, तरी दार बंदच.

आता शॉप फ्लोअरवर या, कारण करिअरचं नाव निघालं की आपण लगेच लॅपटॉपवाल्यांबद्दलच बोलायला लागतो. टोयोटाच्या लाइनवर कामगार एकाच शिफ्टमध्ये काही काही तासांनी जागा बदलतात. एक तर तोच खांदा, तेच मनगट दिवसभर वापरून माणूस निकामी होत नाही, दुसरं म्हणजे प्रत्येकाला आजूबाजूची तीन-चार कामं येतात म्हणून कोणी सुटीवर गेला तरी लाइन चालते. आपल्याकडेही बऱ्याच कारखान्यांत भिंतीवर स्किल मॅट्रिक्स लावलेली असते, नावं खाली, मशीन वर, आणि चौकोनात ते चार भागांचे गोल. गोल पूर्ण भरला म्हणजे हा दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटच्या आदल्या रात्री ते गोल कोण भरतं आणि कसे भरतं हे ज्यांनी काम केलं त्यांना माहीत आहे! पण समजा खरेच भरले, तरी चार मशीन येणाऱ्या आणि एक मशीन येणाऱ्या माणसाच्या पगारात किती ठिकाणी फरक आहे? जिथं नाही तिथं कामगार म्हणतो, कशाला शिकू, जास्त शिकलं की जास्त पिदडतात. यात आळशीपणा शोधू नका, त्याचा हिशोब अगदी बरोबर आहे.

आणि कंत्राटी पोरं तर या मॅट्रिक्समध्ये बहुतेक वेळा नसतातच. हेल्पर म्हणून आत आलेला पोरगा पाच वर्षांत लाइनवरचं सगळं करायला शिकतो, रात्री ऑपरेटर नसला की मशीनही तोच चालवतो, पण कागदावर हेल्पर, पगार हेल्परचा, आणि कॉन्ट्रॅक्टर बदलला की पुन्हा नवीन जॉइनिंग. ॲप्रेंटिसचं घ्या. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी २.५ ते १५ टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात असा नियम आहे, आणि फिटर-टर्नर-मशिनिस्टच्या ट्रेडमध्ये काय काय शिकवायचं ते ठरलेलं असतं. आयटीआयचा पोरगा येतो आणि वर्षभर एकाच प्रेसवर पीस काढतो कारण तो स्वस्त पडतो. ज्याला कायद्यानं शिकवायचं आहे त्याला फिरवत नाहीत, आणि ज्याला शिक्षा द्यायची आहे त्याला फिरवतात, असा आपला उलटा कारभार आहे.

बायकांबद्दल एक बोलायचं राहिलं, आणि हे मी जरा जपून बोलते कारण लगेच लोक "पण सेफ्टी" म्हणायला लागतात. इंजिनिअर मुलगी प्लांटला लागली की तिला क्वालिटी, डॉक्युमेंटेशन, प्लॅनिंग, एचआर एवढ्यातच फिरवतात. प्रॉडक्शन नाही, मेंटेनन्स नाही, साइट सर्व्हिस तर अजिबात नाही. सगळं तिच्या भल्यासाठी, शिफ्ट नको, हिंगण्याहून रात्री परत कशी जाणार. मग दहा वर्षांनी प्लांट हेड कोण होणार असा प्रश्न आला की म्हणतात, "मॅडम हुशार आहेत पण प्रॉडक्शनचा अनुभव नाही." अनुभव आकाशातून पडणार होता का? बाळंतपणावरून परत आलेलीचं तर विचारूच नका, तिला न विचारता हलक्या डिपार्टमेंटला टाकतात आणि वर उपकार केल्यासारखं सांगतात. एका कंपनीत मी असं दोघींचं झालेलं पाहिलं, दोघीही चांगल्या प्रोसेस इंजिनिअर, एक आता घरी आहे आणि दुसरी स्वतःचं काहीतरी करते. त्यांना विचारलं असतं तर त्या कदाचित हो म्हणाल्या असत्या, कदाचित नाही, पण विचारलं तर पाहिजे.

मग माझी मागणी काय आहे? फार मोठी नाही. कोणालाही दुसऱ्या डिपार्टमेंटला पाठवताना कागदावर लिहा की किती महिन्यांसाठी, तिथं त्यानं काय शिकायचं, आणि नंतर जुन्या जागी परत यायचा त्याचा हक्क आहे की नाही. त्या वर्षीचं रेटिंग मागच्या वर्षीपेक्षा खाली जाणार नाही असं लिहा. जुनं काम दुसऱ्याकडे दिल्याशिवाय पाठवू नका. आणि बॉसला नाही म्हणायचा अधिकार असू द्या, पण एकदाच आणि सहा महिन्यांपुरता, त्यानंतर माणूस जाणार म्हणजे जाणार. ज्या मॅनेजरकडची माणसं दुसरीकडे जाऊन चांगलं करतात त्याला त्याचे मार्क द्या, पैशात द्या, फक्त टाळ्या वाजवू नका. आणि शिक्षा करायची असेल तर शिक्षा म्हणून करा, नोटीस द्या, चौकशी करा, त्याला करिअर डेव्हलपमेंट म्हणू नका.

आता यावर बुटीबोरीचा मालक मला म्हणेल, "मॅडम, माझ्याकडे चाळीस माणसं आहेत, त्यात डिपार्टमेंट कोणते अन् रोटेशन कोणाचं?" खरं आहे. कळमेश्वर, वाडी, हिंगण्याच्या छोट्या युनिटांत उलटीच गोष्ट आहे, तिथं एकच माणूस सकाळी ट्रक लोड करतो, दुपारी ई-वे बिल काढतो, संध्याकाळी बँकेत जातो आणि मालकाच्या मुलाला ट्यूशनवरून आणतो. त्याला फिरवायची गरज नाही, त्याला एखादं काम नीट, शेवटपर्यंत शिकायची संधी पाहिजे, आणि त्याच्या कामाला काहीतरी नाव पाहिजे, म्हणजे उद्या तो इंटरव्ह्यूला गेला तर "नक्की काय करायचे तुम्ही?" यावर गप्प बसणार नाही.

अशा छोट्या कंपन्यांनी आपसात माणसं फिरवायला काय हरकत आहे, हे मला अजून कोणी पटेल असं सांगितलेलं नाही. हिंगण्याच्या उद्योजकांची संघटना आहे, बुटीबोरीची आहे, विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन तर किती वर्षांपासून आहे. दहा युनिटांनी मिळून ठरवलं की माझा मेंटेनन्सचा पोरगा चार महिने तुझ्या नव्या सीएनसी मशीनवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या), तुझा स्टोअरवाला चार महिने माझ्याकडे बारकोडची सिस्टिम शिकायला, पगार मूळ कंपनीचाच, पीएफ-ईएसआयसी जिथं आहे तिथंच, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची हे आधीच लेखी. भानगडी आहेत यात, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांत तर हे होणारच नाही, ड्रॉइंग आणि रेट बाहेर जायची भीती असते ती बरोबर आहे, म्हणून वेगवेगळ्या धंद्यातल्या कंपन्यांपासून सुरुवात करा. पण मालक लोकांची खरी भीती ती नसते, त्यांना वाटतं समोरचा माझा पोरगा ठेवून घेईल. ठेवून घेईलही कधी कधी. पण आता तो पोरगा कंटाळून जातो तेव्हा हिंजवडीला जातो आणि दिवाळीलाच परत येतो. बाजूच्या प्लॉटवर गेला तर निदान ब्रेकडाउनला रात्री फोन केल्यावर अर्ध्या तासात येऊन उभा तरी राहील.